ब्रँडरची खिंड: ब्रूसची लढाई नेमकी कुठे झाली, आणि जागांची नावे त्याबद्दल काय सांगतात?

टिपणवही

स्कॉटलंडच्या पश्चिमेस, आर्गाइल प्रांतात, लॉख ऑ नावाचे सुमारे ४१ किलोमीटर लांबीचे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. तिकडे सरोवरालाही लॉख म्हणतात आणि डोंगरांत शिरलेल्या खाडीलाही लॉखच म्हणतात. पुढच्या चर्चेत हे लक्षात ठेवावे लागेल. या सरोवराचा वायव्येकडचा फाटा निमुळता होत होत क्रुआखन पर्वताच्या (उंची ११२६ मीटर) पायथ्याशी ब्रँडरच्या खिंडीत शिरतो, तिथून ऑ नदी बाहेर पडते आणि थोडेसे अंतर वाहून लॉख एटिव्ह या खाडीला मिळते.

रॉबर्ट ब्रूसची एक महत्त्वाची लढाई या खिंडीत झाली असे मानले जाते. फेब्रुवारी १३०६ मध्ये ब्रूसने डम्फ्रीज येथील मठात आपला प्रतिस्पर्धी जॉन कॉमिन याच्यावर शस्त्र चालवले, त्यात कॉमिन मारला गेला, आणि पुढच्याच महिन्यात ब्रूसने स्कोन येथे स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला. आर्गाइलच्या मॅकडूगल घराण्याची कॉमिनांशी सोयरीक होती, त्यामुळे ते ब्रूसचे हाडवैरी झाले. त्याच उन्हाळ्यात टाइनड्रमजवळ डालरी येथे जॉन मॅकडूगलने, म्हणजे लॉर्नच्या जॉनने, ब्रूसच्या उरल्यासुरल्या सैन्याची धूळधाण केली. ब्रूसने त्याचे उट्टे दोन-तीन वर्षांनी काढले, ते याच खिंडीत.

माझी अडचण अशी आहे की या लढाईचे तपशीलवार वर्णन केवळ जॉन बार्बर या धर्माधिकाऱ्याच्या ‘द ब्रूस’ या दीर्घकाव्यात आहे, ते १३७५ च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर दोन पिढ्यांनी रचले गेले, आणि त्यात ब्रँडर हे नावच येत नाही. बार्बर फक्त पर्वताचे नाव देतो आणि वाटेच्या खाली समुद्र होता असे म्हणतो. ब्रँडरच्या खिंडीखाली समुद्र नाही, सरोवर आहे. मग नकाशावर ही लढाई ब्रँडरमध्ये दाखवण्याला आधार कोणता? आणि आसपासच्या जागांची नावे या बाबतीत साक्ष देऊ शकतात का?

आडवाट

क्रुआखनपेक्षा उंच डोंगर साऱ्या ब्रिटनमध्ये सापडणार नाही, असेही बार्बरसाहेब त्याच ठिकाणी सांगतात. १३४५ मीटरचा बेन नेव्हिस तिथून फार लांब नाही. ज्यांना डोंगर मोजता आला नाही, त्यांच्या समुद्राची चव आपण किती मनावर घ्यायची?

जुनेपाने

आडवाट यांचा चिमटा योग्य आहे, पण बार्बर इतक्या सहज निकालात निघत नाही. त्याचे वर्णन आधी सलग पाहू.

काव्याच्या दहाव्या भागात लॉर्नचा जॉन राजाच्या वाटेवर दबा धरतो. वाट इतकी अरुंद आहे की दोन घोडेस्वार शेजारी शेजारी जाऊ शकणार नाहीत. खालच्या अंगाला भयंकर उंच कडा थेट पाण्यापर्यंत उतरलेला आहे, आणि वरच्या अंगाला पर्वत इतका उभा आहे की त्यावरून चालणेही कठीण. जॉन आपली माणसे त्या चढावर लपवून ठेवतो आणि स्वतः मात्र गलबतात, पाण्यावर, थांबतो. ब्रूसला याचा सुगावा लागतो. तो सैन्याचे दोन भाग करतो आणि सगळे तिरंदाज जेम्स डग्लसच्या हाती देऊन त्याला डोंगरावर पाठवतो. डग्लससोबत अलेक्झांडर फ्रेझर, विल्यम वाइझमन आणि अँड्र्यू ग्रे ही माणसे होती, असे बार्बर नावानिशी सांगतो. ही तुकडी दबा धरलेल्यांच्याही वर जाऊन पोचते आणि त्यांना कळतही नाही. मग राजा खिंडीत शिरतो, वरून आरोळ्या उठतात, बाण सुटतात, मोठमोठे धोंडे घरंगळत येतात. राजाची हलक्या शस्त्रांची माणसे खालून चढू लागतात, तेवढ्यात डग्लसचे तिरंदाज मागून, वरच्या बाजूने, बाणांचा वर्षाव करतात आणि तलवारी उपसून उतरतात. दोन्हीकडून कोंडीत सापडलेले आर्गाइलचे लोक पळतात, नदीवरच्या एकुलत्या एक पुलाकडे धाव घेतात, आणि पूल ओलांडल्यावर तो मोडण्याचा प्रयत्न करतात. पाठलाग करणारे त्यांना ती उसंत देत नाहीत.

डोंगराच्या कडेने वाहणारी, पुलाशिवाय कुठेच ओलांडता न येणारी, खोल आणि ओढीची नदी, असे बार्बरचे शब्द आहेत. क्रुआखनच्या पायथ्याशी हे वर्णन ज्या एका नदीला लागू पडते ती ऑ. पर्वताचे नाव आणि नदीचे वर्णन ही दोन कलमे एकत्र ठेवली, तर ब्रँडर हे नाव न घेताही तो आपल्याला ब्रँडरच्या तोंडाशी आणून सोडतो.

ग्लासगोकर

ग्लासगोहून ओबनला जाणारी रेल्वे आणि ए-८५ हा रस्ता, दोन्ही याच खिंडीतून जातात. या मार्गाने मी पुष्कळदा गेलो आहे, म्हणून जागेबद्दल थोडे लिहितो.

पूर्वेकडून येताना लॉख ऑ उजव्या-डाव्या बाजूंनी आवळत जाते आणि पाहता पाहता सरोवराची नदीसारखी पट्टी होते. उत्तरेला क्रुआखनची बाजू थेट पाण्यात उतरते. दक्षिणेची बाजूही काही सौम्य नाही, उलट तिथले कातळ अधिक रासवट दिसतात. रस्ता आणि रूळ ज्या पट्टीवर टेकले आहेत ती माणसाने कोरून आणि भराव घालून तयार केलेली आहे. ती मनातून पुसून टाकली की बार्बरच्या अरुंद वाटेत अतिशयोक्ती फारशी उरत नाही.

धोंडे घरंगळण्याबाबत तर शंकाच नको. ही रेल्वे १८८० मध्ये ओबनपर्यंत पोचली आणि दोनच वर्षांत कंपनीला चढाच्या बाजूने तारांचे कुंपण उभारावे लागले. वरून दगड येऊन तार तुटली की सिग्नल आपोआप धोक्यावर जातो. कंपनीचे चिटणीस जॉन अँडरसन यांच्या कल्पनेतून ही यंत्रणा आली, आणि वाऱ्यात त्या तारा गुणगुणतात म्हणून लोकांनी तिला ‘अँडरसनचा पियानो’ असे नाव ठेवले. तरीही जून २०१० मध्ये रुळांवर आलेल्या एका धोंड्याने प्रवासी गाडी घसरली आणि एक डबा उताराच्या कडेला लटकला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. मॅकडूगलांना धोंडे गोळा करायला फार कष्ट पडले नसतील, एवढेच सांगायचे आहे.

शब्दवेल्हाळ

नावांचा भाग माझ्या आवडीचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

क्रुआखन हे नाव सरळ आहे. गॅलिकमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या केल्टिक भाषेत, ‘क्रुआख’ म्हणजे रास, गंजी, आणि त्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून क्रुआखन झाले. हे नाव आकारावरून पडलेले आहे, त्यात इतिहास शोधू नये.

ऑ हे नाव फार जुने आहे. गॅलिकमध्ये ते ‘अभ’ या शब्दाशी जोडले जाते, आणि त्याचा अर्थ पाणी किंवा नदी. इंग्लंडमध्ये ज्या अनेक नद्यांना एव्हन म्हणतात त्यांचे नावही याच केल्टिक कुळातले. आपल्याकडच्या वाचकांना यात एक ओळखीचा चेहरा दिसेल, कारण भाषाशास्त्रज्ञ या शब्दांचा संबंध संस्कृत ‘आपः’शी आणि फारसी ‘आब’शी लावतात. पंजाबातला आब आणि आर्गाइलमधला अभ हे दूरचे भाऊबंद आहेत. ही नदी खाडीला मिळते त्या परिसरात इन्व्हरऑ आणि बोनऑ अशी दोन नावे आहेत. ‘इन्व्हर’ म्हणजे मुख किंवा संगम, आणि ‘बुन’ म्हणजे तळ, पायथा. दोन्ही नावे नदीच्या मुखाचीच.

मॅकडूगलांच्या डनस्टॅफनेज या किल्ल्याचे नाव मिश्र आहे. ‘डून’ म्हणजे कोट हा गॅलिक शब्द पुढे, आणि दांड्यासारखे टोक या अर्थाचे नॉर्स नाव मागे. या किनाऱ्यावर काही शतके नॉर्वेच्या दर्यावर्दींचा अंमल होता, त्याची खूण या एका नावात शिल्लक आहे.

आता ब्रँडर. खिंडीच्या गॅलिक नावात पहिला शब्द ‘अरुंद जागा’ या अर्थाचा आहे, आणि दुसऱ्या शब्दाचा अर्थ सामान्यतः अडथळा, अडसर असा लावतात. स्कॉट्स भाषेत ‘ब्रँडर’ म्हणजे मांस भाजण्याची लोखंडी जाळी, तिच्याशी या नावाची गल्लत करू नये. अडसर हा अर्थ मान्य केला, तर हे नाव भूरचनेवरून आले की दबा धरण्याच्या घटनेवरून, हा प्रश्न उरतो. माझा कल भूरचनेकडे आहे, कारण ती खिंड १३०८ च्या आधीही तितकीच अडचणीची होती.

रानजाई

आपल्याकडे घोडखिंडीची पावनखिंड झाली. तसे तिथे काही झाले नाही, हेच मला विशेष वाटले. एवढी मोठी लढाई झाली आणि खिंडीला तिचे नाव नाही!

टिपणवही

रानजाई, निरीक्षण मोलाचे आहे, पण पावनखिंडीवर या संकेतस्थळावर आधीच दोन भांडखोर धागे वाहत आहेत, तेव्हा इथे ब्रँडरपुरतेच राहू. नाव न पडण्याचे एक कारण मला सुचते. लढाई जिंकणारा ब्रूस बाहेरून आला होता आणि हरणारे तिथले रहिवासी होते. हरलेल्यांनी आपल्याच वाटेला त्या दिवसाचे नाव का द्यावे?

पाथरवट

जागा ओळखण्याचा प्रयत्न करताना आजची जागा ही १३०८ ची जागा नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. ग्लासगोकर यांनी रस्ता आणि रेल्वे सांगितली. त्यांत बंधाऱ्याची भर घाला. क्रुआखन पर्वताच्या पोटात १९६५ पासून जलविद्युत केंद्र चालू आहे. रात्री किंवा मागणी कमी असताना लॉख ऑ मधले पाणी वरच्या धरणात चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडायचे, अशी ती योजना आहे, आणि तिची क्षमता ४४० मेगावॉट आहे. (आपल्याकडे भंडारदऱ्याजवळ घाटघरला याच तत्त्वावर २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे.) या योजनेसाठी खिंडीतच, नदी जिथे सुरू होते त्या टोकाला, बंधारा बांधलेला आहे. तेव्हा पाण्याची आजची काठरेषा पाहून ‘इथे वाट होती, इथे नव्हती’ असे निर्णय देणे धाडसाचे ठरेल.

दुसरी गोष्ट खिंडीच्या जन्माची. तिथली दंतकथा सांगते की क्रुआखनवर एक झरा होता आणि कॅलिअख व्हेर नावाची म्हातारी त्याची राखण करत असे. रोज सूर्यास्ताला झऱ्यावर शिळा झाकायची आणि सूर्योदयाला काढायची, हे तिचे काम. एका संध्याकाळी ती दमून झोपी गेली, पाणी रात्रभर वाहिले, डोंगर फोडून ब्रँडरमधून बाहेर पडले आणि खालचे खोरे बुडून लॉख ऑ तयार झाले. भूवैज्ञानिकांचे म्हणणे असे की हे सरोवर एकेकाळी नैर्ऋत्य टोकाकडून, किलमार्टिनच्या खोऱ्यातून, समुद्राकडे वाहत होते, आणि हिमयुगाच्या अखेरीस त्याची वाट बदलून ते ब्रँडरमधून वाहू लागले. कथा रचणाऱ्यांना हे ठाऊक असणे शक्य नाही. पण एवढ्या लांब सरोवराचे पाणी इतक्या चिंचोळ्या फटीतून आडवे का निघते, हे कोडे त्यांनाही पडले असावे.

कोरडे पाषाण

नावांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करण्याआधी त्यांची उलटतपासणी व्हायला हवी. या परिसरातली तीन उदाहरणे देतो.

पहिले, मॅकफेडियनची गुहा. खिंडीच्या दक्षिणेकडच्या कड्यात हे नाव दाखवतात. विल्यम वॉलेसने मॅकफेडियन नावाच्या शत्रूचा याच खिंडीत पराभव केला आणि तो पळून त्या गुहेत लपला असता मारला गेला, अशी कथा आहे. कथेचा उगम ‘आंधळा हॅरी’ या कवीच्या १४७७ च्या सुमाराच्या वॉलेसकाव्यात आहे. वॉलेसचा मृत्यू १३०५ चा. म्हणजे मध्ये पावणेदोनशे वर्षे गेली, आणि समकालीन कागदपत्रांत या मोहिमेचा मागमूस नाही. गुहेच्या नावामुळे कथेला पुरावा मिळाला, की कथेमुळे गुहेला नाव मिळाले? मला दुसरी शक्यता अधिक वाटते.

दुसरे, लॉर्नच्या डोंगरवाटेवरचा ‘आह ज्यारग’, म्हणजे तांबडा उतार (ओढा पायी ओलांडायची उथळ जागा). तेराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कॅम्पबेलांचा प्रमुख कॅलेन मोर तिथे मॅकडूगलांशी लढताना मारला गेला, हे खरे. रक्ताने ओढा लाल झाला म्हणून उतार तांबडा, अशी व्युत्पत्ती आवर्जून सांगितली जाते. स्कॉटलंडमध्ये ‘ज्यारग’ लागलेल्या जागा मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल, आणि त्यांतल्या बहुतेकांचा लालपणा दगडाचा, मातीचा किंवा सुकलेल्या गवताचा आहे.

तिसरे, खुद्द ब्रँडरजवळचे दगडांचे ढिगारे. लढाईत पडलेल्यांची ती थडगी आहेत, असे परंपरा सांगते. शेत साफ करताना काठाला टाकलेले दगडही थेट असेच दिसतात.

आडवाट

कोरडे पाषाण यांनी आपले सदस्यनाम आज सार्थ केले.

शब्दवेल्हाळ

कोरडे पाषाण यांच्या यादीत मी चौथे नाव घालतो, आणि ते त्यांच्या बाजूचे आहे.

डालरी, जिथे १३०६ मध्ये ब्रूस हरला. या नावाची फोड ‘दाल रीह’, म्हणजे राजाचे कुरण, अशी केली जाते आणि राजा अर्थातच ब्रूस. पण गॅलिकमध्ये राजा या अर्थाचा ‘रीह’ आणि डोंगरउतार किंवा उन्हाळी चराईची जागा या अर्थाचा ‘रुइय’ हे शब्द जागांच्या नावांत झिजून एकमेकांसारखे होतात. स्काय बेटावरच्या पोर्ट्री गावाचा वाद प्रसिद्ध आहे. पाचवा जेम्स १५४० मध्ये तिथे आला म्हणून ‘राजाचे बंदर’ ही व्युत्पत्ती लोकप्रिय झाली, तर अनेक अभ्यासकांच्या मते मूळ नाव ‘उताराचे बंदर’ असे आहे आणि राजा नंतर चिकटला. डालरीतही असेच घडले असेल, असे मी ठामपणे म्हणत नाही. मात्र ‘नावात राजा आहे, म्हणून इथे राजा लढला’ हे विधान जितके निर्धास्तपणे केले जाते तितके ते निर्धास्त नाही.

डालरीजवळ एक छोटे तळे आहे, लोखन नान आर्म, म्हणजे शस्त्रांचे तळे. पळताना ब्रूसच्या लोकांनी शस्त्रे त्यात टाकली, असे म्हणतात. हे नाव मात्र भूरचनेवरून पडलेले असू शकत नाही, ते गोष्टीवरूनच पडले. गोष्ट खरी होती का, हा वेगळा प्रश्न.

आडवाट

आणि त्याच डालरीच्या लढाईत ब्रूसच्या झग्यावरून ओरबाडून घेतलेला म्हणून मॅकडूगलांनी शतकानुशतके जपलेला ‘लॉर्नचा ब्रोच’ जाणकारांनी घडणीवरून सोळाव्या शतकाच्या आसपासचा ठरवला. राजा अडीचशे वर्षे पुढची फॅशन करत होता, असेच म्हणावे लागेल.

जुनेपाने

नावांवरून तारखेकडे वळू, कारण तारखेचा गुंता सोडवल्याशिवाय जागेचा सुटत नाही.

फोर्डनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इतिवृत्तात असे म्हटले आहे की १३०८ मध्ये, कुमारी मेरीच्या स्वर्गारोहणाच्या सणानंतर आठवडाभरात, म्हणजे १५ ऑगस्टनंतरच्या सप्ताहात, राजाने आर्गाइलच्या मध्यभागी आर्गाइलच्या लोकांना हरवले, आणि जॉनचा बाप अलेक्झांडर डनस्टॅफनेजच्या किल्ल्यात गेला. तिथे वेढा पडला आणि किल्ला शरण आला. अलेक्झांडर मार्च १३०९ मध्ये सेंट अँड्र्यूज येथे ब्रूसच्या संसदेत हजर होता, ही बाब या तारखेशी जुळते.

दुसऱ्या बाजूला खुद्द लॉर्नच्या जॉनने इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड याला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. राजाचे पत्र आपल्याला ११ मार्चला मिळाले, असे तो लिहितो, पण साल लिहीत नाही. आपण सहा महिने अंथरुणाला खिळून होतो, ब्रूस जमिनीवरून आणि समुद्रावरून दहा किंवा पंधरा हजार माणसे घेऊन आला, आपल्यापाशी आठशेच माणसे होती आणि त्यांतली पाचशे पगारी, आर्गाइलचे सरदार मदत करत नाहीत, तरीही आपण शरण गेलेलो नाही, फक्त तह केला आहे, असा त्या पत्राचा सूर आहे. हे मार्च १३०८ चे धरले तर लढाई त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये बसते. मार्च १३०९ चे धरले तर एक तर लढाई १३०९ मध्ये ढकलावी लागते, किंवा पराभवानंतर जॉन आपल्या धन्यापासून तो लपवत होता असे मानावे लागते. अभ्यासकांत दोन्ही मते आहेत. मी १३०८ च्या बाजूचा आहे, कारण फोर्डनचा वृत्तान्त सण सांगून तारीख देतो, आणि अशी तारीख सहसा एखाद्या जुन्या टिपणातून आलेली असते.

दहा ते पंधरा हजारांचा आकडा मात्र मदत मागणाऱ्याचा आकडा आहे. त्या काळी ब्रूसपाशी एवढे सैन्य असणे संभवत नाही.

निळाई

जुनेपाने, त्याच पत्रात जॉन म्हणतो की आपल्याकडे तीन किल्ले आहेत आणि चोवीस लीग लांबीचे एक लॉख राखायचे आहे, ज्यावर आपली गलबते आहेत. हे लॉख ऑ च असणार, नाही का? लीग तीन मैलांचा धरला तर ते प्रत्यक्ष लांबीच्या अडीचपटीहून अधिक होते, पण माणूस संकटात आहे, तेव्हा सरोवरही वाढणारच. महत्त्वाचे हे की लॉख ऑ वर मॅकडूगलांचे लहान का होईना आरमार होते, असे मालक स्वतः सांगतो. मग बार्बरचा ‘समुद्रावर गलबतात बसलेला जॉन’ सरोवरात बसवायला अडचण कोणती? आजारी माणूस डोंगरावर चढू शकत नव्हता, म्हणून नावेत बसून पाहत होता, हेही पत्राशी जुळते.

कोरडे पाषाण

अडचण अशी की बार्बरला ‘लॉख’ हा शब्द ठाऊक होता. त्याच काव्यात डालरीनंतरच्या पलायनात ब्रूस लॉख लोमंडपाशी येतो. तिथे एक फुटकी होडी सापडते, एका वेळी तिघेच मावतात, आणि सगळे पार होईपर्यंत राजा सोबत्यांना फेरंब्रासची वीरकथा वाचून दाखवतो. तिथे बार्बर व्यवस्थित ‘लॉख’ लिहितो. तोच माणूस क्रुआखनच्या पायथ्याला ‘समुद्र’ लिहितो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर, किंवा त्याला हकीकत सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, खारे पाणी असावे. क्रुआखनचा दुसरा पायथा लॉख एटिव्हवर आहे, आणि ती खाडी आहे. जॉनची गलबते तिथे असतील तर डनस्टॅफनेज जवळ आणि पळायची वाट मोकळी. लॉख ऑ वर असतील तर ऑ नदीच्या धावत्या पाण्यातून ती गलबते खाडीत उतरवता येणार नाहीत.

ग्लासगोकर

कोरडे पाषाण यांचा ‘लॉख’चा मुद्दा या धाग्यातला सर्वांत तगडा मुद्दा आहे, हे आधी मान्य करतो. पण एटिव्हच्या काठावर लढाई नेली की पूल अडचणीत येतो.

पूर्वेकडून डनस्टॅफनेजकडे निघालेल्या सैन्याची स्वाभाविक वाट लॉख ऑ च्या टोकावरून ब्रँडरमार्गे आहे. एटिव्हच्या वरच्या काठाने यायचे तर उत्तरेकडून ग्लेन एटिव्ह उतरून यावे लागेल. ब्रूस तसा आला असे समजू. मग हरलेले लोक नदीवरच्या पुलाकडे पळाले ती नदी कोणती? ऑ असेल, तर ते क्रुआखनला वळसा घालून ऑ च्या काठाशी आले पाहिजेत, आणि ते अंतर ‘खालच्या पुलाकडे धावले’ या वर्णनात बसत नाही. खिंडीच्या पश्चिम तोंडाशी, क्रुआखनच्या उतारावर लढाई झाली असेल, तर पळणाऱ्यांच्या समोर नदी, नदीवर पूल, पलीकडे डनस्टॅफनेजची वाट, असे सारे जिथल्या तिथे येते. शिवाय त्या तोंडापासून एटिव्हची खाडी फार दूर नाही. सांगणाऱ्याने खाडी आणि सरोवर यांची सरमिसळ केली असेल, तर ती नेमकी इथेच सहज होण्यासारखी आहे.

निळाई

म्हणजे कोरडे पाषाण यांचे पाणी खारे आणि ग्लासगोकर यांचे गोडे, आणि लढाई दोघांच्या मधोमध.

टिपणवही

निळाई यांनी विनोदाने म्हटले, पण मलाही तसेच वाटू लागले आहे. खिंडीच्या पूर्वभागात, सरोवराच्या फाट्यालगत, दबा धरला असेल तर गलबते जुळतात पण पूल लांब पडतो. पश्चिम तोंडाशी धरला असेल तर पूल जुळतो पण तिथे नदी आहे आणि नदीत गलबत उभे करता येत नाही. बार्बरच्या सगळ्या गोष्टी एकाच बिंदूवर मिळण्याची अपेक्षा सोडून दिली, तर लढाई बंधाऱ्याच्या आसपास सुरू होऊन पुलाकडे सरकत गेली असे मानता येईल. पळापळीची लढाई एका जागी उभी राहत नाही.

नावांच्या प्रश्नाचे उत्तर मला शब्दवेल्हाळ आणि कोरडे पाषाण यांच्याकडून मिळाले. ब्रँडर, क्रुआखन, ऑ ही नावे लढाईबद्दल काहीच सांगत नाहीत, आणि जी नावे सांगतात ती उशिरा आलेल्या गोष्टींची आहेत.

एक पुस्ती जोडतो. लढाईनंतरचा जमिनीचा हिशेब मात्र कागदावर आहे. अलेक्झांडर आणि जॉन दोघेही शेवटी इंग्लंडच्या आश्रयाला गेले. जॉनने पुढे एडवर्डच्या आरमारात काम केले आणि १३१५ मध्ये मॅन बेट स्कॉटांकडून परत घेतले. त्याच वर्षी ब्रूसने लॉख ऑ ची जमीन कॅलन कॅम्पबेलला सनदेने दिली, आणि त्या बदल्यात चाळीस वल्ह्यांच्या एका गलबताची चाकरी ठरवून घेतली. कॅलेन मोरला मारणाऱ्या मॅकडूगलांचा मुलूख त्याच्या वंशजांकडे वळू लागला तो या दिवसांत.

शब्दवेल्हाळ

आणि कॅम्पबेलांची रणघोषणा कोणती, तर ‘क्रुआखन!’ मॅकडूगलांच्या पराभवाचा डोंगर त्यांच्या वैऱ्यांच्या तोंडी बसला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण काहींच्या मते ती आरोळी पर्वतावरून आलेली नसून लॉख ऑ च्या काठावरच्या, कॅम्पबेलांच्या जुन्या किल्ल्यासमोरच्या, त्याच नावाच्या एका वस्तीवरून आलेली आहे. कोरडे पाषाण यांनी बोलण्याआधी मीच सांगून टाकतो.

कोरडे पाषाण

आभारी आहे. आजचे माझे काम वाचले.

पायवाट

धागा उशिरा वाचला. खिंडीला लढाईचे नाव का नाही, असे रानजाई यांनी विचारले होते, म्हणून उलट उदाहरण देतो. उत्तरेकडे रॉस प्रांतात ‘ब्यालख नाम ब्रोग’, म्हणजे जोड्यांची खिंड, आहे. बाणांपासून बचाव व्हावा म्हणून हायलँडर लोकांनी पायांतले जोडे छातीला बांधून तिथे लढाई केली आणि त्यावरून खिंडीला नाव पडले, अशी परंपरा आहे. मन्रो आणि डिंगवॉल घराण्यांची त्या लढाईत अतोनात हानी झाली, असे सतराव्या शतकात सर रॉबर्ट गॉर्डन लिहून ठेवतो. तारखेवर मात्र मतभेद इतके आहेत की काही जण ती तेराव्या शतकाच्या अखेरीस ठेवतात आणि काही पंधराव्या शतकाच्या मध्यावर.

शब्दवेल्हाळ

पायवाट, यावर स्वतंत्र धागा काढावा ही विनंती. जोडे छातीला बांधून डोंगरात अनवाणी लढणारे लोक मला पटत नाहीत, आणि त्या वाटेवर जोडे झिजत म्हणून ते नाव पडले असेल, अशी माझी पहिली शंका आहे.

पायवाट

काढतो. गॉर्डनचा मूळ परिच्छेद पूर्ण उतरवूनच काढतो, म्हणजे पहिल्या प्रतिसादातच जोड्यांची हाणामारी सुरू होणार नाही.